पडद्यावरचा तास, ओट्यावरचा तास

टीव्हीवरच्या पाककला स्पर्धा आणि खाद्यभ्रमंतीचे कार्यक्रम पाहून घरी काही करायला गेलं की कुठे अडतं, असं आम्ही वाचकांना विचारलं होतं. आलेल्या प्रश्नांपैकी आठ इथे घेतले आहेत. बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच आहे: कॅमेऱ्याच्या मागे असलेलं यंत्र, थांबलेला वेळ किंवा तापमान आपल्याला दिसत नाही, फक्त पदार्थ दिसतो.

प्रश्न: मास्टरशेफमध्ये तासाभरात जेवण आणि वर आइस्क्रीमही होतं. आमच्या फ्रीजरमध्ये आठ तास ठेवूनही बर्फाचे खडे लागतात. असं का? (वाचक, इचलकरंजी)

स्पर्धेच्या ओट्यामागे तीन गोष्टी असतात. स्वतःच्या कॉम्प्रेसरवर चालणारं, मिश्रण ढवळत गोठवणारं यंत्र. अतिथंड हवा जोरात फिरवणारं ब्लास्ट चिलर. आणि कधीकधी उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन. घरचा फ्रीजर उणे १८ अंशांवर असतो आणि डबा त्यात नुसता बसून असतो. पाणी जितकं सावकाश आणि न ढवळता गोठतं, तितके त्याचे स्फटिक मोठे होतात. खडे लागतात ते हेच. दुधाचा किंवा साखरेचा त्यात फारसा दोष नाही.

यावरचा उपाय टीव्हीपेक्षा जुना आहे आणि तो तुमच्या माळ्यावर असण्याची शक्यता आहे: हाताने दांडा फिरवायचा आइस्क्रीमचा पॉट. लिटरभर आइस्क्रीमसाठी ६०० मिली मलईदार दूध, २५० मिली क्रीम, १३० ग्रॅम साखर आणि सपाट चमचाभर कॉर्नफ्लोअर. कॉर्नफ्लोअर थोड्या थंड दुधात कालवून उरलेल्या दुधात शिजवा, साखर विरघळवा, गार झाल्यावर क्रीम घाला आणि मिश्रण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. ही रात्र टाळू नका. स्पर्धेत ‘आइस्क्रीम बसलंच नाही’ म्हणून रडारड होते तिथे बहुतेक वेळा कोमट कस्टर्ड यंत्रात ओतलेलं असतं.

पॉटाचा आतला डबा दोन तृतीयांशच भरा, कारण ढवळताना हवा शिरून मिश्रण फुगतं. बाहेरच्या बादलीत तीन-चार किलो फोडलेला बर्फ आणि किलोभर खडे मीठ, थरावर थर. मिठामुळे बर्फाचं पाणी शून्याखालीही द्रवच राहतं आणि उणे २० अंशांच्या आसपास उतरू शकतं. मीठ कमी पडलं तर तासभर दांडा फिरवूनही दूध पातळच. फार जास्त पडलं तर कडेचा थर झटकन दगड होतो, पातं अडकतं आणि मधलं दूध तसंच राहतं. पहिली पाच मिनिटं सावकाश, मग न थांबता. वीस-पंचवीस मिनिटांत दांडा जड झाला की थांबा. आता ते मऊ असेल. घट्ट व्हायला दोन-तीन तास फ्रीजरमध्ये.

दोन ठिकाणी घात होतो. बादलीच्या वरच्या बाजूचं पाणी जाण्याचं भोक बर्फाने बुजलं की खारं पाणी झाकणापर्यंत चढतं. आणि झाकण न पुसता उघडलं की खारट थेंब आत. डबाबंद हापूस रस घालणार असाल तर त्यात आधीच साखर असते. पाव किलो रसामागे साखर ३०-४० ग्रॅमने कमी करा, नाहीतर आइस्क्रीम घट्टच होणार नाही.

प्रश्न: मास्टरशेफ इंडियाच्या निवडीला जायचं आहे. घरून पदार्थ करून न्यावा लागतो असं ऐकलं. काय न्यावं? (वाचक, अमरावती)

आधी त्या त्या पर्वाचा अर्ज नीट वाचा, नियम बदलतात. पण निवडीच्या पहिल्या फेरीची पद्धत साधारण अशी असते: घरून शिजवून आणायचं, तिथे गॅस नाही, गरम करायची सोय नाही आणि ताट मांडायला मोजकी मिनिटं. कार्यक्रम घरी स्वयंपाक करणाऱ्यांचा आहे. २०१० च्या पहिल्या पर्वाच्या विजेत्या पंकज भदौरिया लखनौच्या शिक्षिका होत्या. तेव्हा हॉटेलची नक्कल करून फायदा नाही.

पदार्थ निवडताना प्रश्न एकच ठेवा: चार तासांनी, गार झाल्यावर हा कसा लागेल? या कसोटीवर पुरी, भजी आणि सांबारवडीसुद्धा बाद होतात. तळलेलं डब्यात गेलं की स्वतःच्याच वाफेने मऊ पडतं. भात गार झाला की त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि शितं टणक लागतात. साजूक तूप थोड्याशा गारव्याने थिजून टाळूला चिकटतं, आणि खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. वातानुकूलित खोलीत परीक्षक बसलेले असतात, हे लक्षात ठेवा.

तुम्ही अमरावतीचे, म्हणून पाटवडी सुचवतो. ती गारच बरी लागते आणि गरम रस्सा थर्मासमध्ये चार तास टिकतो. वाटीभर बेसनाला पावणेदोन ते दोन वाट्या पाणी. फोडणीत पाणी उकळून बेसन वैरा, गुठळ्या मोडा, झाकण ठेवून मंद आचेवर सहा-सात मिनिटं वाफ द्या. गोळा कढईच्या कडा सोडेपर्यंत थांबायचं. घाईने उतरवलं की वडी दाताला चिकटते आणि कच्चट वास येतो. तेल लावलेल्या ताटात अर्ध्या इंचाची थापा, वर खोबरं-कोथिंबीर. पूर्ण गार झाल्यावर सुरीने कापा आणि ओलसर मलमलच्या कापडात गुंडाळा, नाहीतर कडा वाळून तडकतात.

रस्सा उकळता असतानाच थर्मासमध्ये भरा. त्याआधी थर्मास पाच मिनिटं गरम पाण्याने तापवून घ्या. गरम ते ६० अंशांच्या वर आणि गार ते ५ अंशांच्या खाली राहिलं पाहिजे, मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त काही ठेवू नका. (वडी मधल्याच तापमानात जाते, म्हणून ती बर्फाच्या पिशवीसह न्या आणि रांगेत शिरताना बाहेर काढा.) तर्री तेलाची असल्याने थिजत नाही, हा वऱ्हाडी रश्श्याचा मोठा फायदा. तो परीक्षकांसमोर ओता, आधी नाही: वास तेव्हाच सुटला पाहिजे.

मीठ आणि गोड नेहमी ज्या तापमानाला खाल्लं जाणार आहे त्या तापमानाला चाखा. गार पदार्थात गोडवा कमी जाणवतो, त्यामुळे गरम असताना बरोबर वाटलेलं पुडिंग ताटात फिकं लागतं. आणि एक रंगीत तालीम करा: सगळं भरा, रिक्षातून गावभर फिरवा, चार तासांनी पाच मिनिटांचं घड्याळ लावून मांडा. रस्सा कुठून गळतो, ताट पुसायला फडकं विसरलं का, हे इथेच कळतं.

पुढच्या फेऱ्यांत अनोळखी जिन्नस समोर येतील. तिथे तग धरणारे पाककृती पाठ करत नाहीत, प्रमाणं पाठ करतात. बिस्किटाला साखर, लोणी, मैदा १००, २००, ३०० ग्रॅम. पास्त्याला एका अंड्यामागे १०० ग्रॅम मैदा. कस्टर्डला अर्धा लिटर दुधात चार-पाच अंड्यांचं पिवळं. चव कुठलीही येवो, सांगाडा तयार असतो. वेळापत्रक उलटं लिहा: साठाव्या मिनिटापासून मागे, शेवटची पाच मिनिटं फक्त ताटासाठी. आणि परीक्षक तुमच्या ओट्यापाशी येऊन पातेल्यातलं चाखून जातात, ते हवापाण्याच्या गप्पा मारायला नाही. ताटाचं चित्रण होईपर्यंत पदार्थ गार झालेला असतो. गरम असतानाची चव त्यांना तेव्हाच घ्यावी लागते. म्हणून पातेल्यातलं मीठ अर्ध्या तासातच बरोबर असलं पाहिजे.

प्रश्न: टीव्हीवर पाहून सोडियम अल्जिनेट मागवलं आणि कोकमाचे मोती करायला गेले. सगळ्याचा चिकट गोळा झाला. (वाचक, सावंतवाडी)

दोष कोकमाचा आहे. अल्जिनेट ही समुद्री शेवाळापासून केलेली पावडर; तिच्या मिश्रणाचा थेंब कॅल्शियमच्या पाण्यात पडला की जेलीचा मोती धरतो. पण तिला फार आंबट चालत नाही. पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४ च्या खाली गेला की ते पाण्यात नीट विरघळत नाही, कॅल्शियमच्या पाण्यात पडण्याआधीच जेलीसारखं घट्ट होतं. दुसरा संशय बोअरच्या पाण्यावर घ्या. जड पाण्यात कॅल्शियम असतंच, त्यामुळेही भांड्यातच गोळा होतो. अल्जिनेटसाठी आरओचं पाणी वापरा.

सोपा रस्ता थंड तेलाचा. एक उंच ग्लास भरून बिनवासाचं तेल फ्रीजरमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा. १०० मिली साध्या पाण्यात ३ ग्रॅम अगर पावडर (चायना ग्रास) घालून दोन मिनिटं खळखळून उकळा. मग गॅस बंद करून त्यात १०० मिली कोमट, साखर घातलेलं आगळ (कोकमाचा रस) मिसळा. आगळ अगरबरोबर उकळू नका. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की अगरची पकड सैल होते. मिश्रण बोटाला सोसेल इतकं निवलं की ड्रॉपरने थेंब थेंब तेलात सोडा. ग्लास उंच हवा, कारण खाली पोचेपर्यंत थेंब गोठायला वेळ मिळतो. वाटीत केलं तर तळाशी चपटे होऊन एकमेकांना चिकटतात. गाळा, गार पाण्यात हलक्या हाताने धुवा. तेल परत वापरता येतं.

हे मोती आतपर्यंत घट्ट असतात, तोंडात फुटत नाहीत. फुटणारे हवे असतील तर उलटी पद्धत: कोकमात २ टक्के कॅल्शियम लॅक्टेट, आणि अल्जिनेट बाहेरच्या पाण्यात अर्धा टक्का, रात्रभर ठेवून बुडबुडे जिरवलेलं. दह्याचे मोतीही असेच होतात, दह्यात स्वतःचं कॅल्शियम असतंच.

जाता जाता: २०१५ चं मास्टरशेफ इंडियाचं चौथं पर्व संपूर्ण शाकाहारी होतं, तिथे जिलेटिन बाद. ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं. पण जिलेटिनच्या जागी तितकंच अगर घालू नका. जिलेटिन तोंडाच्या उबेने वितळतं, अगर ८५ अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून जास्त झालं की पुडिंग रबरासारखं लागतं. मऊ पुडिंगला अर्धा लिटरमागे दोन-अडीच ग्रॅम पुरतं. कच्च्या अननसावर मात्र अगरच बसतं. अननसातलं पाचक द्रव्य जिलेटिनचे तुकडे करतं.

प्रश्न: पॅनमध्ये आग पेटवतात ती घरी कशी करायची? माझ्या मशरूमला तर नुसतं पाणी सुटतं. (वाचक, सोलापूर)

करू नका. ती ज्वाळा तेलाच्या उडालेल्या थेंबांची किंवा दारूच्या वाफेची असते आणि घरच्या चिमणीची तेलकट जाळी पेटवायला ती पुरेशी आहे. पाणी सुटतं त्याचं कारण वेगळं. हॉटेलच्या चायनीज शेगडीची आच घरच्या बर्नरच्या कित्येक पट असते, तिथे सुटलेलं पाणी लगेच उडून जातं. घरी एका वेळी मूठ-दीड मूठच टाका, २८ सेंटिमीटरच्या लोखंडी तव्यावर दीडशे ग्रॅम. तवा इतका तापवा की पाण्याचा थेंब नाचेल, मग तेल, मग मशरूम, आणि दोन मिनिटं हलवू नका. मीठ शेवटी.

प्रश्न: साच्यातून काढलेल्या चॉकलेट मोदकांवर पांढरे डाग पडतात. ‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ या बेकिंगच्या स्पर्धेत ‘टेम्परिंग’ म्हणतात ते हेच का? (वाचक, पुणे)

आधी वेष्टन वाचा. बाजारात मिळणाऱ्या ‘कंपाउंड’मध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. त्याला टेम्परिंग लागत नाही: वितळवा, ओता, झालं. चवीला मेणचट, पण गणपतीत पन्नास मोदक करायचे तर व्यवहार्य. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर मात्र अनेक प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं आणि चकाकी, कटकन तुटणं आणि साच्यातून सुटणं हे सगळं त्यातल्या एकाच प्रकारावर अवलंबून असतं. तो प्रकार जमवणं म्हणजे टेम्परिंग.

३०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरा. २०० ग्रॅम ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवा. आचेवरून उतरवून उरलेलं १०० ग्रॅम थोडं थोडं घालत ढवळत राहा, ३१-३२ अंशांवर आणा. मिल्क चॉकलेटला शेवटचा आकडा २९-३०, व्हाइटला २८-२९. थर्मामीटर हवाच, ओठाला लावून अंदाज घेण्यात पुष्कळ चॉकलेट वाया जातं. सुरीच्या टोकावर थेंब लावून ठेवा. पाच-सात मिनिटांत चमकदार घट्ट झाला तर जमलं. चरे दिसले किंवा ओलाच राहिला तर पुन्हा ४५ पासून सुरुवात.

ही चाचणी २०-२२ अंशांच्या खोलीतली आहे. बेक ऑफचा तंबू उन्हाळ्यात तापतो तेव्हा तिथल्या स्पर्धकांचंही चॉकलेट बसत नाही, आणि आपली ओट्याजवळची हवा त्याहून उबदार आणि भाद्रपदात दमटही. एसी लावलेल्या खोलीत करा. साचा कापसाने कोरडा घासून घ्या. आत पाण्याचा एक थेंब असला तरी तिथे डाग. वितळलेल्या चॉकलेटमध्ये थेंबभर पाणी पडलं तर सगळं दाणेदार गोळा होतं, ते मग केकच्या सॉससाठी ठेवा.

भरलेला साचा फ्रीजमध्ये दहा-बारा मिनिटंच. आता तुमचे डाग बोटाने चोळून पाहा. तुपकट होऊन पुसले गेले तर टेम्परिंग चुकलंय, चरबी वर आलीय. खरखरीत लागले तर फ्रीजमधून काढल्यावर दव धरून साखर विरघळली आणि पुन्हा वाळली. दुसऱ्याला उपाय हवाबंद डबा: बंद डब्यातच बाहेर आणा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. दोन्ही प्रकारचे मोदक खायला हरकत नाही, फक्त ताटात दिसायला बरे नाहीत.

प्रश्न: गणेशोत्सवात सोसायटीची पाककला स्पर्धा असते. दरवर्षी निकालावरून रुसवे-फुगवे. टीव्हीवरच्या स्पर्धांतून काही घेता येईल का? (वाचक, डोंबिवली)

घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली ‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ची. २०१० पासून चालणाऱ्या या कार्यक्रमात तंत्राची एक फेरी असते. सगळ्यांना एकच पाककृती, पण मुद्दाम अर्धवट लिहिलेली, आणि चव पाहताना कोणता पदार्थ कोणाचा हे परीक्षकांना ठाऊक नसतं. दुसरी जपानच्या फुजी टीव्हीवर १९९३ ला सुरू झालेल्या ‘आयर्न शेफ’ची: एक तास, आणि ऐन वेळी जाहीर होणारा एकच मुख्य जिन्नस.

तुमच्या भांडणाचं मूळ बहुधा ओळखीत आहे. डबा ओळखीचा, ताट ओळखीचं, शिवाय मालकीण शेजारी उभी. सगळ्यांना सारख्या पांढऱ्या बश्या आणि चिठ्ठीतून आलेला क्रमांक द्या. नावांची यादी सोसायटीबाहेरच्या कुणाकडे ठेवा. दिव्यांची रोषणाई, थर्मोकोलचं मंदिर, गाजराचे मोर यांना बंदी. सजावटीला शंभरात दहाच गुण. चवीला ५०, पोत आणि शिजण्याला २०, दिलेल्या जिन्नसाच्या वापराला १५, सजावटीला १०, स्वच्छतेला ५.

चोवीस स्पर्धक असतील तर परीक्षकाने प्रत्येकी एक छोटा चमचाच घ्यावा. तरी दहा-बारा पदार्थांनंतर जीभ थकते. आठ-आठचे गट करा, मध्ये दहा मिनिटं. प्रत्येक गटात सौम्य आधी, तिखट नंतर, गोड वेगळ्या फेरीत. तीन परीक्षकांनी एकाच क्रमाने चाखू नये: पहिल्याला १ पासून, दुसऱ्याला ९ पासून, तिसऱ्याला १७ पासून द्या, नाहीतर शेवटच्या क्रमांकांना थकलेली जीभच मिळते. मध्ये कोमट पाणी आणि कुरमुरे. तिखट लागलं तर पाणी प्यायल्याने ते तोंडभर पसरतं. ताक किंवा दूध द्या, दुधातलं प्रथिन तिखटपणा धरून घेऊन जातं. आणि गुणपत्रिका बोलण्याआधी जमा करायची. एकाने ‘वा!’ म्हटलं की बाकीच्यांचे आकडे वर सरकतात.

हॉलमध्येच शिजवायचं असेल तर विजेचा विचार आधी. एक इंडक्शन शेगडी २००० वॅटची असते, सहा लावल्या की १२ किलोवॅट. हॉलचं वायरिंग त्यासाठी नसतं, ट्रिप होतं आणि सगळ्यांचाच पदार्थ अर्धवट. १६ अँपिअरच्या एका लाइनवर एकच शेगडी. जास्त हव्या असतील तर वायरमनला आदल्या दिवशी बोलवा.

तंत्राच्या फेरीला सुरळीच्या वड्या द्या. एक वाटी बेसन, तीन वाट्या ताक, हळद, मीठ, आलं-मिरची. कृती एवढीच लिहा: ‘शिजवा. पसरा. गुंडाळा.’ किती शिजवायचं हे लिहू नका. या वड्या करता येणाऱ्या बाईला किंवा बुवाला ते ठाऊक असतंच: ताटाच्या पाठीवर चमचाभर पसरून मिनिटाने कडेने उचलून पाहायचं, सुटलं तर झालं. कमी शिजलं तर सुटत नाही, जास्त शिजलं तर पसरायच्या आत घट्ट होतं. अर्ध्या तासात कुणाला काय येतं ते ताटात दिसतं, मतभेदाला जागा फार उरत नाही.

प्रश्न: इथल्या मास्टरशेफच्या अंतिम फेरीत किश्वर चौधुरींनी पांता भात केला होता. तो घरी करता येईल का? की हा आपला शिळा भात? (वाचक, मेलबर्न)

२०२१ च्या मास्टरशेफ ऑस्ट्रेलियाच्या अंतिम फेरीत मूळ बांगलादेशी कुटुंबातल्या, तुमच्याच मेलबर्नच्या किश्वर चौधुरींनी ‘धुरावलेलं भाताचं पाणी’ या नावाने तो मांडला, सोबत आलू भोर्ता आणि सार्डिन मासा. त्या तिसऱ्या आल्या. शिळा भात आणि पांता भात यात फरक आहे. शिळा भात नुसता उरतो, पांता भात पाण्यात आंबवलेला असतो. ओडिशाचा पखाळ, आसामचा पोइता भात, छत्तीसगडचं बोरे-बासी हे त्याचे सख्खे भाऊ. आपल्याकडे आंबवलेल्या पिठाची आंबील आहे, तिचा आंबटपणा याच जातीचा.

उकड्या तांदळाचा भात घ्या. साध्या तांदळाची शितं पाण्यात विरघळतात. दोन वाट्या शिजलेला भात परातीत पसरून तासाभराच्या आत गार करा. काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात घालून चार वाट्या उकळून गार केलेलं पाणी, वर कापड. मीठ आत्ता नको. २५-३० अंशांत आठ ते बारा तास. मेलबर्नच्या हिवाळ्यात घर गार असतं. भांडं बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा. पाणी किंचित दुधाळ आणि आंबूस झालं की तयार. बुळबुळीत लागलं, तार आली किंवा आंबटाऐवजी कुजका वास आला तर टाकून द्या.

गार करण्यातली घाई उगाच सांगितलेली नाही. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास गरम-कोमट राहिला तर ते वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं उलट्या करवणारं विष पुन्हा उकळूनही जात नाही. तयार झालेला पांता भात त्याच दिवशी संपवा. गरोदर बायका, लहान मुलं आणि आजारातून उठलेल्यांना देऊ नका.

वाढताना मीठ, चिरलेला कांदा, भाजलेली सुकी मिरची, चमचाभर कच्चं मोहरीचं तेल. भोर्ता म्हणजे उकडलेला बटाटा कुस्करून त्यात हेच चौघे. धूर हवा असेल तर भाताचं पाणी गाळून पातेल्यात घ्या, मध्ये वाटीत पेटता कोळसा ठेवून वर मोहरीच्या तेलाचे दोन थेंब, झाकण तीन मिनिटं. पाच झाली की कडवट लागतं.

प्रश्न: सिंगापूरची हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखालच्या खाऊगल्ल्या, कार्यक्रमांत पाहिली. आम्ही शाकाहारी, त्यात सासूबाईंचा चातुर्मास. तिथे काय खाता येईल? (वाचक, नाशिक)

अँथनी बोर्डेन यांच्यासारख्या निवेदकांनी मॅक्सवेल फूड सेंटरमधल्या तियान तियानचा कोंबडी-भात जगभर पोचवला, आणि २०२० मध्ये हॉकर संस्कृती युनेस्कोच्या यादीत गेली. तुम्हाला तो भातसुद्धा चालणार नाही, तो कोंबडीच्या चरबीत परतून तिच्याच पाण्यात शिजवतात. शाकाहाऱ्यांना इथे न दिसणाऱ्या मांसाहाराने फसायला होतं. लक्सा या नूडल्सच्या रश्श्याच्या वाटणात सुकी कोळंबी, संबळ या मिरचीच्या वाटणात बेलाचान म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी, चिनी रोजाक या कोशिंबिरीच्या काळ्या सॉसमध्ये पुन्हा कोळंबी, ‘चार क्वे त्यो’ या परतलेल्या नूडल्सना डुकराची चरबी. ‘कॅरट केक’मध्ये गाजर नाही, मुळा आणि अंडं आहे. काया टोस्टच्या जॅममध्ये अंडं. ‘नो मीट’ म्हटल्याने यातलं काहीच सुटत नाही. ‘नो मीट, नो फिश, नो प्रॉन, नो एग’ असं एकेक सांगा.

सासूबाईंसाठी मात्र सोय चांगली आहे. बऱ्याच सेंटरमध्ये चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉल असतो आणि त्या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य. तिथली ‘व्हेजिटेरियन बीहून’, म्हणजे तांदळाच्या शेवया, हा सकाळचा पदार्थ. ताटातलं ‘चिकन’ आणि ‘डक’ सोयाचं किंवा गव्हाच्या प्रथिनाचं असतं, बघून दचकू नका. अंडं आहे का एवढं विचारा. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये तोसै (डोसा), अप्पम, पुट्टू मिळतं. रोटी प्राटा घेतलात तर सोबतची करी माशाची किंवा मटणाची असू शकते, डाळ मागा. गोडाला चेंदोल: नारळाचं दूध, ताडगुळासारखा गुला मेलाका आणि तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया.

वेळ सांभाळा. न्याहारीचे स्टॉल दुपारी दोनच्या आत आवरतात, प्रसिद्ध स्टॉलचा माल त्याआधीही संपतो, आणि साडेबारा ते दीड ऑफिसवाल्यांची झुंबड असते. सव्वाअकराला पोचा. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर जागा धरलेली आहे, एसटीच्या सीटवरच्या रुमालासारखी; त्याला तिथे ‘चोप’ म्हणतात आणि सगळे ते पाळतात. कार्यक्रमात एका दिवसात दहा ठिकाणी खाताना दिसतात ते काही दिवसांचं चित्रण असतं आणि प्रत्येक ठिकाणी घासभरच. तुम्ही एका सेंटरमध्ये चौघांत तीन पदार्थ घ्या, मग तासभर चाला. जेवण झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा. २०२१ पासून तसं न केल्यास दंड होऊ शकतो.